कंडक्टरबाई आणि बोळातल्या कुरडया

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळणं सोपं होतं, कारण गल्लीतले बाकीचे लोक ती सांगतच होते, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगत होते. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, शेवंताबाई सोनवणे कोण? लगेच उत्तर येईल, "त्या कंडक्टरबाई? अख्ख्या गल्लीच्या कुरडया मातीत फेकल्या, त्याच ना?" आणि मग हसणं.

गेल्या महिन्यात शेवंताबाई गेल्या. तेराव्याला आम्ही गल्लीतले काही जण शेंद्र्याला त्यांच्या लेकीकडे गेलो होतो. परत येताना गाडीत कुणीतरी पुन्हा तीच गोष्ट काढली. बाईंच्या दारचं जेवण पोटात होतं आणि सगळे हसत होते. मी खिडकीबाहेर बघत बसलो. घरी आल्यावर मात्र ठरवलं की आता लिहायचं. हे वाचून मग कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. शेवंताबाईंनी एकही कुरडई फेकली नाही. त्यांनी काय केलं ते मला माहीत आहे, कारण मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी होतो.

बाई एस.टी.त कंडक्टर होत्या. सोयगावकडच्या, शेतीवाडीच्या घरातल्या सून. त्या काळी घरातली बाई खाकी घालून गावोगाव फिरते याचं तिकडे कुणाला कौतुक नव्हतं. बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. उंच, काटक, आवाज असा की पन्नास माणसांच्या गर्दीतून शेवटच्या बाकावर पोचायचा. निवृत्त झाल्यावरही तो आवाज कमी करायचं त्यांना सुचलं नाही. घरात नवऱ्याला चहा हवा का विचारलं तरी आमच्याकडे मालती, म्हणजे माझी बायको, आतून म्हणायची, "नको हो, आत्ताच झाला."

त्या बसायच्या नाहीत. भाजी निवडायची ती ओट्याशी उभ्याने, चहा प्यायचा तो उभ्याने, एक हात दाराच्या चौकटीवर. कुणी म्हटलं, "बाई, टेका की जरा," तर म्हणायच्या, "बसायचं मला जमत नाय. गाडीत बसणारे वेगळे, मी वेगळी." घरी कुणी आलं आणि उंबऱ्यात घुटमळलं की हुकूम सुटायचा, "दारात थांबू नका, आत सरका!" पाहुणा दचकून पार स्वयंपाकघरापर्यंत सरकायचा.

त्यांचा थोरला दीर गावात मोठा माणूस. एकदा तो त्यांच्या गाडीत चढला, ऐटीत पुढच्या बाकावर बसला आणि तिकिटाचं विचारल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरचीच गाडी हाय, भावजय हाय आपली." बाईंनी घंटी मारून गाडी थांबवली. म्हणाल्या, "भाऊजी, घरी तुमच्या पाया पडते, ते चालूच राहील. गाडीत तिकीट घ्या, नायतर उतरा." दीर उतरला. त्याला वाटलं, ही मागून हाक मारेल. त्यांनी गाडी सोडली. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या दिराच्या पाया पडल्या, आणि पाया पडताना म्हणाल्या, "उद्या सुट्टे घेऊन या." हा किस्सा त्या स्वतः सांगायच्या, आणि सांगताना दिराची चालही करून दाखवायच्या.

त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, शेंद्र्याला कारखान्यात होते. तिथे उंचावरून पडले आणि मानेचा मणका गेला. मानेखालचं अंग निर्जीव झालं. डॉक्टरांनी बाईंना एक गोष्ट बजावून सांगितली होती. अशा माणसाला घाम येत नाही. आपल्याला ऊन लागलं तर घाम येऊन अंग थंड होतं, यांचं तसं होणार नाही. खोली तापली की अंग तापणार, आणि तापतच राहणार. म्हणून बाईंनी अण्णांच्या खोलीत एसी बसवला.

गल्लीत कुजबुज झाली. तेव्हा आमच्याकडे बहुतेकांच्या घरी कूलरच होते. दुकानापाशी एका बाईने टोमणा मारला, "मजा आहे बुवा, कंडक्टरबाईला आता एसी लागतो." शेवंताबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "व्हय, लागतो. तुमच्या मालकांना बीपीची गोळी लागते, आमच्या मालकांना ही लागते. फक्त आमची गोळी भिंतीला टांगावी लागते."

त्या एसीचं बाहेरचं युनिट त्यांच्या बाजूच्या भिंतीला लागलं. ती भिंत ज्या बोळात येते तो बोळ माझ्या हद्दीतला. त्यांनी रीतसर येऊन विचारलं होतं आणि मी "लावा ना, त्यात काय" म्हणालो होतो. माझा स्वतःचा एसी नंतर आला, त्याचं युनिट गच्चीवर होतं.

आता कुरडयांकडे येतो. त्या युनिटमधून गरम वारा सुटायचा. मालतीने एकदा सहज कुरडयांची एक चादर बोळात घातली आणि दुपारभरात त्या कडक वाळल्या. गच्चीवर ऊन खूप, पण धूळ, कावळे, चिमण्या, माकडं. इथे काहीच त्रास नाही. मी नुकताच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो होतो. ऑफिसात लोक साहेब म्हणायचे, आता घरात दळण कुणी आणायचं यावरून बोलणी खात होतो. मला या बोळात एकदम काम सापडलं. मी वरून पारदर्शक फायबरचा पत्रा टाकला, आडव्या बांबूंच्या चौकटी केल्या, दोन्ही तोंडांना धूळ येऊ नये म्हणून मालतीच्या जुन्या साड्या ताणून बांधल्या. गल्लीतल्या बायका आपापलं वाळवण घेऊन येऊ लागल्या. कुरडया, पापड, सांडगे. "साहेबांचा ड्रायर" असं नाव पडलं. खोटं कशाला बोलू, नोकरीत कधी झालं नव्हतं एवढं कौतुक त्या बोळाने माझं केलं.

आणि त्याच उन्हाळ्यात शेवंताबाईंचा एसी थंड करेना.

सकाळी बरा चालायचा. अकरा वाजून गेले की नुसता वारा. दुपारी तर मध्येच घरघर बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा बंद. अण्णांचं अंग तापायला लागलं. बाई ओल्या कापडाने त्यांना पुसत राहायच्या. आणि उरलेल्या वेळात त्या एसीच्या मागे लागल्या. गाडीत एक तिकीट कमी भरलं तर पहिल्या बाकापासून मोजत जायचं, ही त्यांची पद्धत. इथेही तेच केलं.

आधी आतली जाळी काढून नळाखाली दात घासायच्या ब्रशने धुतली. फरक नाही. मग खिडकीच्या फटी बंद केल्या. आपल्या जुन्या खाकी गणवेशाच्या पट्ट्या फाडून कोंबल्या. थोडा फरक. रिमोटवर आकडा अगदी खाली नेला. काही नाही. मग त्यांनी शेजारी कूलरही लावला. दोन मशिनं मिळून जास्त थंड करतील, असा हिशेब. हा हिशेब गल्लीत त्या काळी सगळेच करायचे. खोली आणखी चिकट झाली, भिंतींना ओल आली.

एसी दुरुस्त करणारा सलीम किराडपुऱ्याहून यायचा. कूलर बघून त्याने कपाळाला हात लावला.

"मौसी, ये क्या किये तुम? कूलर पानी फेक रहा, एसी वो पानीच सुखाते बैठा. ठंडा कब करेगा बेचारा?"

"मग गॅस कमी असंल," बाई म्हणाल्या.

"गॅस बराबर है. अभी देखा मैं."

"तूच मागच्या खेपेला काढून घेतला असशील!"

सलीमचा चेहरा पडला. "मौसी, अल्ला की कसम. चोरी करनेवाला दुबारा तुम्हारे दरवाजे पे आता क्या?"

बाई ऐकेनात. त्याला गल्लीभर ऐकू जाईल असं बोलून त्यांनी घालवून दिलं. त्यांचंही चुकायचं. आणि चुकायचं तेही मोठ्या आवाजात.

कूलर मात्र बंद केला. ओल गेली. दुपारचा ताप राहिलाच. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी त्या आपल्या गच्चीवर गेल्या आणि कठड्यावरून खाली वाकून बघितलं. माझा पत्रा त्यांनी रोजच पाहिला होता. पण त्या दिवशी त्यांनी हात खाली नेऊन पत्र्याला लावला आणि झटकन मागे घेतला. खाली येऊन आमची बेल वाजवली.

"वहिनी, बोळाचं दार उघडा जरा."

मालतीने उघडलं. मीही मागे होतो. आत पाऊल टाकवेना. भाजणीच्या कढईवर तोंड धरावं तशी आच. मध्ये बांबूंवर कुरडया, आणि मागे भिंतीवर त्यांचं युनिट धापा टाकत होतं. बाई आधी मोठ्याने हसल्या.

"अगं बाई! माझ्या एसीच्या जिवावर तुमच्या कुरडया वाळतात व्हय!"

मालतीही हसली. मग बाईंनी युनिटच्या पाठीमागे हात धरला, समोर धरला, पुन्हा मागे धरला. हसणं थांबलं.

"साहेब, हे बघा. पुढनं जी गरम हवा निघते ती पत्र्याला आपटून परत मागं जाते. मशीन तीच पुन्हा ओढतंय. उतरणाऱ्यांना उतरूच दिलं नाय तर गाडीत जागा व्हायची कशी? पत्रा आणि साड्या काढा. वाळवण खुशाल घाला, माझं काय नाय."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं. मला लगेच कळलं. त्यांना बोळ उघडा हवा होता, एवढंच. पण पत्रा गेला की धूळ येणार, कावळे येणार, आणि साहेबांचा ड्रायर संपणार. मी म्हणालो, "एवढ्याशा कुरडयांनी कुठे एसी बंद पडतो? तुमचं मशीनच बारीक आहे. मोठं घ्या."

"मशीन तेच हाय. मागच्या साली गार करत होतं."

"मागच्या साली ऊन कमी होतं. आणि बाई, बोळ माझा आहे. तुमचं युनिट माझ्या हद्दीत लटकतंय, त्याला मी कधी काही बोललो का?"

त्यांनी युनिटपाशी धरलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "साहेब, तुमची हद्द मला माहीत हाय. तुम्ही माझ्या मालकांच्या अंगाला एकदा हात लावून बघा. मग बोला हद्दीचं."

मी गेलो नाही.

दोन दिवसांनी आम्ही जालन्याला एका लग्नाला गेलो. त्या दुपारी अण्णांना ग्लानी आली. बाईंनी त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं, शेजारच्या मुलीला जवळ बसवलं, शिडी लावली, कुंपणाच्या भिंतीवरून आमच्या अंगणात उतरल्या आणि साडी बाजूला सारून बोळात शिरल्या. साठी उलटलेली बाई. आता नीट ऐका, कारण इथूनच गल्लीतली गोष्ट आणि खरी गोष्ट वेगळ्या होतात.

मी घरी नव्हतो, पण परतल्यावर जे जसं ठेवलेलं दिसलं त्यावरून सांगतो. त्यांनी आधी कुरडया उचलल्या. एकेक चादर चारी कोपऱ्यांनी धरून, एकही न मोडता, आमच्या ओसरीवरच्या बाजेवर आणून ठेवली. वर स्वच्छ पांढरं धोतर झाकलं. मग साड्यांच्या गाठी सोडल्या. कापल्या नाहीत, सोडल्या, घड्या घालून ठेवल्या. मग पत्र्याचे स्क्रू पान्याने काढले आणि पत्रे भिंतीला टेकवून ठेवले. स्क्रू एका डबीत.

आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या, वाट बघत.

"साहेब, पत्रा मी काढला. तुम्ही नव्हता, थांबायला येळ नव्हता. मोडला नाय. स्क्रू डबीत हायेत. कुरडया ओसरीवर झाकून ठेवल्यात, चार दिवस उन्हात घाला, वाळतील."

"कुणाला विचारून काढलात?" मी ओरडलो.

"कुणालाच नाय. मालकांचा ताप उतरला, ते बघा येऊन."

त्या आपल्या घरात गेल्या. मी तणतणत ओसरीवर चढलो. माझ्या ड्रायरचं काय झालं ते लोकांना दाखवावं म्हणून बाज एका बाजूने धरून ओढली. बाजेचा एक पाय ओसरीच्या कडेवरून घसरला. सगळ्या चादरी कलंडल्या आणि कुरडया अंगणातल्या मातीत सांडल्या. मालती "अहो!" म्हणाली, एवढंच. ती माझ्यामागे उभी होती. तिने पाहिलं.

तेवढ्यात आवाज ऐकून बायका जमल्या. मातीत त्यांच्या घरच्या कुरडया. "कुणी केलं हे?" मी उत्तर दिलं, "विचारा त्या कंडक्टरबाईला."

मी खोटं वाक्य बोललो नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. त्याची गरजच नव्हती. बाकीचं बायकांनी स्वतः जोडलं.

शेवंताबाई बाहेर आल्या. त्यांनी माती बघितली, बाज बघितली, घसरलेला पाय बघितला. तिकिटाशिवाय बसलेला माणूस त्यांना नजरेने कळायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी फेकल्या?"

मी गप्प राहिलो. गल्ली ऐकत होती. एका शब्दाचं काम होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "साहेब गप्प हायेत म्हणजे मीच फेकल्या असतील. फेकल्या तर फेकल्या! पण एक सांगते, तो पत्रा आता परत लागायचा नाय. लावून बघा."

पत्रा परत लागला नाही.

त्या दिवसापासून अण्णांची खोली भर दुपारीही गार राहू लागली. मी हे सांगतो कारण दुसऱ्या दिवशी मी बोळात जाऊन युनिटच्या मागे हात धरला होता. हवा साधी होती, उन्हाळ्याची. मशीन एका लयीत चालत होतं. बाईंचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ते बोळात उभं राहून पडताळणारा मी एकटाच होतो.

आठवडाभराने सलीमला त्यांनी निरोप धाडून बोलावलं. तो घाबरत आला. बाईंनी त्याला घरात नेलं नाही, गल्लीच्या मध्यावर उभं केलं आणि स्वतःचे कान धरले. "सलीम, मी तुला चोर म्हणले. माझी चूक झाली. तेव्हा गल्लीनं ऐकलं, आताही ऐकू दे." सलीम ओशाळून "रहने दो मौसी, रहने दो ना" म्हणत होता. मी पडद्याआडून बघत होतो.

पण गल्लीने कुरडया विसरल्या नाहीत. हळदीकुंकवाचं बोलावणं बाईंकडे जाईना. वाळवण करायला बायका एकत्र जमायच्या तेव्हा त्यांचं दार वगळून पुढे जायच्या. त्यांनी त्याचंही ओझं घेतलं नाही. गणपतीच्या आरतीला बोलावलं नसलं तरी यायच्या, पुढे उभ्या राहायच्या आणि सगळ्यांच्या वरचा सूर लावायच्या. उन्हाळा आला की गच्चीवरून ओरडायच्या, "बोळात गरम वारा सुटलाय गं, घाला काय घालायचं ते! उघड्यावर घाला, पैसे नाय लागत!" कुणी जायचं नाही. त्या एकट्याच हसायच्या.

अण्णा त्यानंतर कितीतरी उन्हाळे काढून गेले. गेले ते थंडीत, न्यूमोनियाने. मी भेटायला गेलो तेव्हा बाई उभ्याच होत्या, चौकटीला हात लावून. डोळे कोरडे. म्हणाल्या, "उन्हानं नाय नेले, साहेब. उन्हाला मी नेऊ दिले नाय." माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण टोमणा म्हणून नव्हे. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. घरात माणसं होती, हे निमित्त मला पुरलं.

मग त्या लेकीकडे शेंद्र्याला गेल्या. लेक तिथेच कारखान्यात कामाला. पुढे मालती वारली, घरात मी एकटा. मालतीने शेवटपर्यंत तो विषय काढला नाही. फक्त आजारात एकदा म्हणाली, "त्या बाईंकडे एकदा जाऊन या हो." म्हणून गेलो. उन्हाळाच होता.

त्या लेकीच्या दारात उभ्या होत्या. शेजारच्या घरी नवीन एसी लागत होता आणि त्या खालून बसवणाऱ्याला सूचना देत होत्या. "अरं, भिंतीपासून लांब घे! त्याला मागनं श्वास घ्यायला जागा सोड की!" केस पार पांढरे, आवाज तोच. मला बघून म्हणाल्या, "अगं बया, साहेब! दारात थांबू नका, आत या." चहा केला. मालतीचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी लई चांगल्या होत्या," म्हणाल्या. "त्यांच्या हातची कुरडई लई हलकी व्हायची."

मी मान खाली घातली. आता बोलायचं, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात लेकीची शिफ्ट संपून ती आली आणि बोलणं दुसरीकडे गेलं. निघताना बाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. शहराकडे जाणारी रिक्षा त्यांनीच हात करून थांबवली. मागच्या माणसांना दटावून मला जागा करून दिली. मी बसलो, मग वाकून म्हणालो, "शेवंताबाई..."

"काय, साहेब?"

"ऊन फार आहे. तुम्ही परत जा."

"उन्हाचं मला सांगता व्हय!" त्या हसल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चल रे, निघ."

मी मागे वळून बघितलं. त्या वळून गेल्या नाहीत, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होत्या. मला वाटतं, त्यांनी वाट पाहिली. पण तेही माझ्या मनाचं असेल.

वाक्य लांबलचक नव्हतं. रिक्षात पूर्ण रस्ताभर ते माझ्या तोंडात होतं, घरी येऊन कुलूप उघडताना होतं, आणि त्यांच्या तेराव्याला त्यांच्या फोटोसमोर उभा राहिलो तेव्हाही, शेजारी माणसं होती म्हणून, ते तिथेच राहिलं: शेवंताबाई, त्या कुरडया माझ्या हातून सांडल्या होत्या, मला माफ करा.